फट आणि गाळा

हँडल फिरवलं की काच वर येते. सुरुवातीची वाट सरळ, निमूट. शेवटची दोन बोटं उरली की ती मागे कलते, पुढच्या तिकोनी काचेच्या चौकटीपासून सुटते आणि हुडाच्या रबरावर टेकायच्या ऐवजी त्याच्या बाहेरून निघून जाते. ही ड्रायव्हरच्या बाजूची. डाव्या दाराची काच आत झुकते आणि रबराला असं दाबते की दार लावायला दोन्ही हातांचा जोर लागावा. एकाच गाडीची दोन दारं, एकाच मापाच्या दोन काचा, आणि दोघींचं दुखणं वेगळं. पहिल्या दिवशी करजणच्या मिस्त्रींनी दोन्ही काचा चार-चार वेळा खाली-वर केल्या, पान्याला हात लावला नाही, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बेन, काचनो वांक नथी.” काचेचा दोष नाही.

ते वाक्य मला तेव्हा पटलं नव्हतं. दोष तर डोळ्यांसमोर होता. उजव्या काचेच्या वर तिकोनी फट होती, तिच्यातून करजणच्या हायवेचा उजेड सरळ आत येत होता. त्या फटीचा मार्ग कुठून निघतो हे कळायला मला मार्गशीर्षापासून आषाढापर्यंतचा वेळ लागला.

गाडी मामाची. मद्रासला स्टँडर्ड कंपनीत बनलेली हेराल्ड, दोन दारांची. मामाने ती 1978 साली जुनी घेतली आणि दांडिया बाजारातल्या घराच्या गल्लीत उभी केली. जेमतेम 25 फुटांच्या वर्तुळात ही गाडी वळते, आणि बडोद्याच्या जुन्या वस्तीत हा गुण ताकदीपेक्षा मोठा. मांडवीच्या गर्दीत मामा ती अशी फिरवायचा की टांगेवाले बघत राहत. पुढे कधीतरी त्याने तिचं छप्पर उतरवलं. चोरीछुपे नाही, मामीला विचारून, चांगला महिनाभर विचार करून. हेराल्डचं छप्पर बोल्टांनी बसवलेलं असतं, बोल्ट काढले की ते उचलता येतं. मग एका लोहाराकडून नळ्या वाकवून हुडाचा सांगाडा करून घेतला, त्यावर मेणकापड शिवून घेतलं. त्या उघड्या गाडीत मागच्या सीटवर उभं राहून आम्ही भाचरं सूरसागर तलावाला फेऱ्या मारायचो. डोक्यावर काहीच नाही, समोर मामाचं डोकं आणि त्याच्या कानामागून उडणारे केस. मामा गेल्यावर गाडी नऊ वर्षं ताडपत्रीखाली होती. मामी म्हणाली, तू ने, बाकी कुणाला तिचा आवाज आठवत नाही.

हेराल्डबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काचेचं सगळं दुखणं तिच्या जन्मात आहे. 1953 साली इंग्लंडमध्ये फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली, आणि स्टँडर्ड-ट्रायम्फवाल्यांना अखंड बॉडी बनवून देणारा घरचा माणूस उरला नाही. तेव्हा त्यांनी जुनी वाट धरली. खाली वेगळी चॅसी आणि वर तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली बॉडी. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून घ्यायचे आणि एका जागी जोडायचे. तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीने तिला रूप दिलं. 1959 च्या एप्रिलमध्ये ती इंग्लंडात आली, 1961 पासून मद्रासला बनू लागली. जगात सगळे अखंड बॉडीकडे वळत असताना ही गाडी बोल्टांवर उभी राहिली. म्हणूनच मामाला छप्पर उतरवता आलं. म्हणूनच साठ वर्षांनी ती सगळी उकलून पुन्हा बांधता येते. आणि म्हणूनच तिची दारं कधीही बिघडू शकतात, कारण दार पुढच्या तुकड्याला टांगलेलं असतं आणि मिटतं मागच्या तुकड्यावर. त्या दोन तुकड्यांची गाठ पडते ती खालच्या जमिनीत, सीटच्या आसपास, बोल्टांच्या एका रांगेत. तो सांधा आणि चॅसीवरची पॅकिंगं जरा हलली की दाराची भोवतालची रेष बदलते.

त्यात हेराल्डच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. पुढे तिकोनी काचेची तेवढी चौकट, बाकी काच मोकळी. दाराच्या पोटातून वर येऊन तिने हवेत उभं राहायचं, आणि बरोबर तिथेच यायचं जिथे वरचं रबर तिची वाट पाहत असेल. आंब्याच्या फोडीसारखी पातळ कड, तिला आधार दाराच्या आतल्या चॅनेलांचा आणि खालच्या रेग्युलेटरच्या दांड्याचा. मूळ गाडीत वर पक्कं छप्पर होतं, त्याची जागा ठरलेली. मामाच्या गाडीत वर लोहाराने हाताने वाकवलेला सांगाडा. म्हणजे काचेला ज्याला भेटायचं तोच दरवेळी थोडा वेगळ्या ठिकाणी असतो.

माझी चूक अशी झाली की मी आधी रंग दिला. बडोद्यातल्या एका गॅरेजात पत्र्याचं काम झालं, गंजके भाग बदलले, गाडी रंगवून चकचकीत झाली. दारं लावली, काचा घातल्या, तेव्हा ही फट दिसली. तिथल्या कारागिराने ती झाकायचा मनापासून प्रयत्न केला. दाराच्या मागच्या कडेला वर फट रुंद दिसत होती, म्हणून त्याने बिजागऱ्या सैल करून दार मागे कलतं केलं. फट मिटली. मग दाराबरोबर काचही कलली आणि वरच्या रबराशी तिचं जुळेना, म्हणून मागचं चॅनेल तिरकं करून काच ओढून घेतली. आता ती तिकोनी काचेपासून सुटली. म्हणून तिथे दुप्पट जाडीचं रबर भरलं. एका दुरुस्तीने दुसरी जन्माला घातली, दुसरीने तिसरी. हे मला करजणला, मिस्त्रींच्या गाळ्यात कळलं, सगळं एकेक करून उलट्या क्रमाने सोडवताना.

करजण बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर. मी बहुतेक वेळा गाडीने, म्हणजे रेल्वेने जायची. स्टेशनचं नाव मियागाम करजण. मुंबई-बडोदा मार्गावरून जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ते क्षणात निघून जातं, पण भारतातल्या नॅरो गेजची पहिली कहाणी इथे आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोईपासून मियागामपर्यंत अडीच फूट रुंदीचा रेल्वेमार्ग टाकला. वीस मैल. त्यावर डबे ओढायला बैल होते. दुसऱ्या वर्षी विलायतेहून इंजिनं आली. पण रूळ इतके हलके की ती इंजिनं त्यांवर रोज चालवता येईनात. दहा वर्षं बैलांनीच डबे ओढले. 1873 साली जड रूळ टाकले तेव्हा इंजिनं नेमाने धावू लागली. मी हे लहानपणी शाळेत ऐकलं होतं, एक गंमत म्हणून. करजणच्या फलाटावर उभी राहून, हातात काचेच्या रबराची गुंडाळी घेऊन, ते मला वेगळं आठवलं. इंजिन आलं होतं, कोळसा होता, माणसं तयार होती. अडलं होतं ते खाली, रुळांपाशी.

मिस्त्रींचा गाळा हायवेच्या अलीकडे, कापसाच्या शेतांना लागून. हा सगळा पट्टा कानम. काळ्या मातीचा. या मातीत जी चिकण असते ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जावा. कापसाला ती आईसारखी. घराला नव्हे. कानमातल्या जुन्या घरांच्या भिंतींना उंबऱ्यापासून तिरकी चीर असते, दर पावसाळ्यात ती थोडी उघडते किंवा थोडी मिटते. दारं श्रावणात खाली घासतात. मिस्त्रींचे वडील सुतार होते आणि त्यांचा नियम होता की भादव्यात दाराला रंधा लावायचा नाही. दार घासतंय म्हणून तासलं, तर दिवाळीला तेच दार उंबऱ्यावर बोटभर उघडं राहतं. दिवाळीपर्यंत थांबा, मग बघा घासतंय का.

म्हणून मिस्त्रींनी पहिलं काम गाडीवर केलं नाही, फरशीवर केलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, गाळ्याच्या चार कोपऱ्यांत फिरवली. फरशी एका बाजूला दोन सूत खाली होती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार लोखंडी पाट ठेवून, त्यांखाली पत्रे सरकवून, चारी पाण्याच्या रेषा एक केल्या आणि मग गाडी त्या पाटांवर चढवली. जॅकवर नाही, घोड्यांवर नाही. चाकांवर. इंजिन आत, टाकीत पेट्रोल, सीटा बसवलेल्या. मी विचारलं, एवढं वजन कशाला, काचेचं तर काम आहे. ते म्हणाले की गाडी रस्त्यावर ज्या वजनाने बसणार त्याच वजनाने तिला बसवून मोजायची. जॅकवर दार जुळलं तर ते जॅकवरच्या गाडीचं दार.

मग ते खाली शिरले. उजव्या बाजूला चॅसीतून बॉडीखाली येणारा आडवा हात गंजला होता. बडोद्यात त्यावर पट्टी जोडली होती, पण पट्टी जोडताना बॉडीखालचं पॅकिंग घालायचं राहून गेलं होतं. बॉडीचा मागचा तुकडा त्या कोपऱ्यात जवळजवळ तीन सूत खाली बसला होता. वर दाराच्या मागच्या कोपऱ्यात जी फट होती ती इथून निघाली होती. खाली तीन सूत, तर वर काचेच्या टोकाशी त्याचं बोटभर होतं, लांब काठी हातात धरून मनगट जरा वळवलं की टोक कुठे जातं तसं. मिस्त्रींनी तो गंजका हात बदलला, ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि रबरं घातली, बोल्ट हळूहळू कसले. दोन तुकड्यांच्या सांध्याचे बोल्ट सैल केले आणि पुन्हा आवळले. बिजागऱ्या मूळ जागी आणल्या. दार लावलं. दाराभोवतीची रेष वरपासून खालपर्यंत एकसारखी पडली. मी तिच्यात हाताची नखं फिरवून बघत राहिले. काचेला अजून कुणी हात लावला नव्हता, आणि ती अर्धी जुळली होती.

डाव्या काचेचं कारण निराळं निघालं. तिथे चॅसी ठीक, दार ठीक. हुडाचा सांगाडा त्या बाजूला दीड सूत खाली. लोहाराने 1980 च्या दशकात जी नळी वाकवली होती, तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. मामा डावखुरा होता आणि हूड नेहमी डाव्या हाताने ओढून मागे टाकायचा. वर्षानुवर्षं एका हाताने ओढलेल्या लोखंडाला तो हात आठवत होता. मिस्त्री म्हणाले नवा सांगाडा करून देतो. मी नको म्हटलं. तो तसाच राहू दे, काचच त्याच्याशी जुळवून घेऊ या. त्यांनी मान हलवली. पुढचे आठ दिवस ते त्या एका काचेवर होते.

हे काम बघण्यासारखं असतं. दाराचं आतलं आवरण काढलेलं, त्याच्या भोकांतून आतला सगळा संसार दिसतो: रेग्युलेटरचा दांडा, त्याच्या टोकाचं चाक, काचेला खालून धरणारं चॅनेल, पुढचं आणि मागचं फेल्ट लावलेलं उभं चॅनेल. काच कुठे जाईल हे वरून ठरत नाही. चॅनेलाचा तळ बाहेर ढकलला की काचेचा माथा आत येतो. तळ आत घेतला की माथा बाहेर. तळाला अर्धं सूत म्हणजे माथ्याला दीड सूत. आधी तिकोनी काचेची चौकट उभी करायची, कारण मोठी काच तिच्याच कडेला धरून चढते. मग मागचं चॅनेल, तेही काच पूर्ण खाली असताना नाही, पूर्ण वर असताना नाही, अर्ध्यावर. सगळ्यात शेवटी काच किती वर जाऊन थांबायची तो अडसर. आणि दरवेळी दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघायचं, कारण उघड्या दारातली काच आणि मिटलेल्या दारातली काच या दोन वेगळ्या काचा आहेत.

मी एकदा म्हणाले, एवढा एकच कोपरा रबराला घासतोय, तिथे काच थोडी घासून गोल करता येणार नाही का? मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड काचेच्या खालच्या कोपऱ्यावर टाकला. कंपनीची पुसट खूण. ही काच तापवून एकदम थंड केलेली असते, तिच्या पोटात ताण भरलेला असतो, तिची ताकद त्या ताणातच. कड घासायला गेलं की सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी होऊन खाली पडते. जे काही कापायचं, गोल करायचं ते भट्टीत जाण्याआधी. नंतर तिला बदलता येत नाही, तिच्याभोवतीचं सगळं बदलावं लागतं.

जुळलंय की नाही हे तपासायच्या त्यांच्या तीन रीती. पहिली, कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये ठेवून दार मिटायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर सैल, फाटली तर घट्ट, जरा अडून निघाली तर बरोबर. अशी बोटाबोटाच्या अंतरावर, सगळ्या कडेने. दुसरी, रबरावर खडूची भुकटी चोळायची आणि काचेवर कुठे पांढरं उमटतं ते पाहायचं. तिसरी रात्रीची. गाळ्याचे दिवे बंद करून गाडीत बल्ब लावायचा आणि बाहेरून गाडीभोवती फिरायचं. त्या रात्री मी बाहेर उभी होते. अंधारात मामाची गाडी आतून पेटलेली, हुडाचं कापड मधासारखं पिवळं, आणि कडेने कुठेही उजेडाची रेघ नाही. फक्त डाव्या काचेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे तो खांदा उतरतो, तिथे केसाएवढी. मला ती काढायची होती. मी म्हणाले, अजून थोडं आवळा.

तेव्हा ते म्हणाले, “गाळो तो राखवो ज पडे, बेन.” गाळा तर ठेवावाच लागतो.

गुजरातीतला गाळो म्हणजे दोन वस्तूंमधलं अंतर, मुद्दाम ठेवलेली जागा. आपल्या मराठीतही गाळा आहेच, दोन खांबांमधली जागा, आणि म्हणून दुकानाची जागा. ज्या गाळ्यात आम्ही उभे होतो तो शब्द तोच. फट आणि गाळा दोन्ही मोकळी जागाच असतात, पण फट चुकून राहिलेली असते आणि गाळा ठेवलेला असतो. त्यांनी मला दाखवलं. नवं रबर अजून ताठ आहे, वर्षभरात ते बसेल आणि काचेकडे येईल. आज घट्ट केलं तर वर्षभर रेग्युलेटरचे दात झिजतील. उन्हात पत्रा पसरेल. खड्ड्यात गाडी गेली की दोन तुकडे एकमेकांना किंचित हलवणार, ते हलायलाच बनलेत. काचेला तेवढं हलायला जागा लागते. हल्लीच्या चौकटीविना काचेच्या महाग गाड्यांत दाराचं हँडल ओढलं की मोटर काच आपणहून बोटभर खाली घेते, आणि दार मिटलं की पुन्हा वर रबरात चढवते. तिथे गाळा यंत्र ठेवतं. इथे तो मिस्त्रींच्या हाताने ठेवायचा.

2023 च्या जानेवारीत बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा भरला होता. राजेरजवाड्यांच्या गाड्या, हिरवळीवर मांडलेल्या, आरशासारख्या. मी दोन दिवस गेले आणि जवळजवळ फक्त दारं बघितली. राजवाड्याकडेही बघितलं. मेजर चार्ल्स मँटने तो आखला, पण तो पुरा होण्याआधी 1881 साली तो गेला. आपले हिशेब चुकलेत, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीने त्याने जीव दिला अशी आख्यायिका बडोद्यात सांगतात. पुढचं काम मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझमने केलं आणि 1890 साली राजवाडा तयार झाला. लहानपणी ती आख्यायिका मी भुताच्या गोष्टीसारखी ऐकायची. आता मला त्या माणसाची फार दया येते. सगळं पहिल्याच दिवशी, पहिल्याच दगडाला निश्चित बरोबर असायला हवं असं त्याला वाटत राहिलं असेल का? त्याच्या शेजारी एखादा सुतार असता, दिवाळीपर्यंत थांबा म्हणणारा.

आषाढात मी गाडी घेऊन निघाले. मामीला आधी बडोद्याहून बोलावून घेतलं होतं. ती पुढे बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. हायवेला लागलो आणि पोर गावापासून पुढे पाऊस सुरू झाला, कानमातला तो काळा, आडवा पाऊस. मी काचा चढवल्या. उजवी सरळ वर गेली आणि रबरात टेकली. डावी शेवटच्या बोटाला क्षणभर थबकली आणि टेकली. आतला आवाज एकदम बदलला. वायपर, इंजिन, हुडावरचं पाणी. मामीने डाव्या काचेच्या मागच्या कोपऱ्याकडे मान वळवली. तिथे एक थेंब जमत होता, तो फुगला, कडेवरून घरंगळला आणि तिच्या खांद्यावर पडला.

मी म्हणाले, मिस्त्रींना सांगते.

मामीने पदराने खांदा पुसला नाही. म्हणाली, “तुझ्या मामाच्या वेळीही तिथूनच गळायचं. मी तेव्हापासून डावीकडेच बसते.”